त्यांना विचारलंत का?

घरातल्या वयस्कर माणसांच्या किती गोष्टी आपण परस्पर ठरवून टाकतो, याची एखाद्या दिवशी मोजदाद करून पाहा. चहात साखर किती घालायची, रात्री भात द्यायचा की भाकरी, कोणती साडी नेसवायची, लग्नाला न्यायचं की घरीच ठेवायचं, दवाखान्यात कधी जायचं. हे सगळं आपण मायेनंच करतो. वेळ वाचतो, वादही टळतात. त्यातून त्या माणसाला विसर पडायला लागला असेल, तर मग विचारायचा प्रश्नच उरत नाही. "त्यांना काय कळतंय आता!" हे वाक्य, मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या घरात रोज उच्चारलं जातं!

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते अशाच एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आता विसर पडणाऱ्या वृद्धांसाठी 'मेमरी क्लिनिक' नावाचे वेगळे विभाग निघाले आहेत. तिथे तपासणीला गेलं की कधीकधी डॉक्टर एक वेगळीच गोष्ट पुढे मांडतात. "या आजारावर आमच्याकडे एक संशोधन चालू आहे. आजी त्यात भाग घेतील का?" मग मुलगा सुनेकडे बघतो, सून मुलाकडे बघते. ज्यांच्याबद्दल हे चाललेलं असतं, त्या आजी मात्र मांडीवर पिशवी धरून मधल्या खुर्चीत बसलेल्या असतात. त्यांच्याकडे कोणीच बघत नाही.

काही घरांतून लगेच नकार येतो. "आमच्या आईवर प्रयोग? छे, छे!" काही घरांतून तितक्याच लगेच होकार येतो. "कुठे सही करायची सांगा." हे दोन्ही निर्णय एका बाबतीत सारखेच आहेत. दोन्हीत आजींना विचारलेलं नाही.

संशोधन हवंच कशाला?

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, हे तर तुमचं-माझंही होतं. पण चष्मा हातात घेतल्यावर तो कशासाठी असतो तेच सुचेना, चाळीस वर्षांच्या पायाखालच्या गल्लीतून घराची वाट सापडेना, आमटीत मीठ घातलं की नाही या घोळात ते तीनदा पडलं, असं व्हायला लागलं तर तो साधा विसरभोळेपणा नव्हे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याच्या अनेक प्रकारांपैकी अल्झायमरचा आजार सर्वांत जास्त आढळतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांतल्या सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यातही बायकांमधलं प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. म्हणजे हा प्रश्न दोन बाजूंनी आपल्या दाराशी येतो. आजारी पडणाऱ्याही आपणच जास्त आणि आजाऱ्याचं करणाऱ्याही आपणच.

या आजाराचं शास्त्रही एका गृहिणीपासून सुरू झालं, हे तुम्हांला ठाऊक आहे का? जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरी १९०१ साली आउगुस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना रुग्णालयात दाखल केलं गेलं. त्यांना स्वतःचं नावसुद्धा धड लिहिता येईना. डॉक्टर अलोइस अल्झायमर त्यांना रोज प्रश्न विचारत आणि त्यांची उत्तरं टिपून ठेवत. १९०६ साली त्या वारल्या. मग डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूची तपासणी केली आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेन इथे त्यावर व्याख्यान दिलं. पुढे आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं.

तेव्हापासून सव्वाशे वर्षं होत आली, पण हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून हाती लागलेलं नाही. पावलं पडताहेत ती लहान लहान. लेकॅनेमॅब नावाच्या औषधाची मोठी चाचणी झाली. तिचे निकाल २०२२ च्या शेवटी जाहीर झाले. आजाराच्या अगदी सुरुवातीला असलेले १,७९५ लोक त्यात दीड वर्ष होते. दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध. निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसताच औषधासारखा दिसणारा द्रव. ज्यांना खरं औषध मिळालं त्यांची घसरण इतरांपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाली. घसरण थांबली नाही, फक्त मंदावली. काहींच्या मेंदूला सूज आली, काहींच्या मेंदूत बारीक रक्तस्राव झाला. या औषधाचे गुण जसे आपल्याला कळले तसे दोषही कळले, आणि ते कळले त्या १,७९५ माणसांमुळे. ही माणसं धडधाकट स्मरणशक्तीची नव्हती. विसर पडायला लागलेल्या माणसांनीच "आम्ही येतो" असं म्हटलं होतं.

ही भीती आली कुठून?

"प्रयोग" म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. तो उगाच येत नाही. ज्यांना नाही म्हणता येत नाही, अशा माणसांवर पूर्वी न विचारता प्रयोग झाले आहेत.

अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये विलोब्रूक नावाची मतिमंद मुलांची संस्था होती. १९५६ पासून पुढे काही वर्षं तिथल्या मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून आजार कसा पसरतो याचा अभ्यास केला गेला. आईबापांच्या सह्या घेतलेल्या होत्या. पण १९६४ च्या सुमारास गर्दीमुळे संस्थेचे इतर विभाग नव्या मुलांना बंद झाले आणि काविळीच्या अभ्यासाचा विभाग तेवढा उघडा राहिला. घरी सांभाळणं हाताबाहेर गेलेलं मूल घेऊन दारात उभ्या असलेल्या आईनं सही केली, तर ती खुशीची सही कशी म्हणायची?

न्यूयॉर्कमधल्याच ब्रुकलिन भागात १९६३ साली एका रुग्णालयातल्या २२ थकल्या-भागल्या रुग्णांना कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचल्या गेल्या. त्या पेशी कर्करोगाच्या आहेत, एवढी गोष्ट मात्र त्यांना सांगितली नव्हती.

अशा प्रकारांना आळा घालण्यासाठीच नियम झाले. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्गची आचारसंहिता आली. १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेनं हेलसिंकी इथे एक जाहीरनामा काढला. त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या, शेवटची २०२४ साली. ज्या माणसाला स्वतः पूर्ण विचारानं संमती देता येत नाही, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं सही केली तरी त्या माणसाची स्वतःची हो-नाही विचारलीच पाहिजे, आणि तो नको म्हणाला तर त्याचा मान राखला पाहिजे, असं हा जाहीरनामा सांगतो.

विलोब्रूकची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. तिथे सह्या होत्या, पण मुलांचा विचार नव्हता. घरच्यांची सही हा काही सगळ्याला उतारा नव्हे.

मग लोक हो का म्हणतात?

तरीही लोक आपणहून पुढे येतात. अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगिणींची गोष्ट फार सांगण्यासारखी आहे. डेव्हिड स्नोडन नावाच्या संशोधकांनी १९८६ साली मिनेसोटा राज्यातल्या एका मठात कामाला सुरुवात केली. पुढे त्या पंथाच्या इतर मठांतल्या जोगिणीही आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या १,०२७ जणींना विचारलं गेलं आणि त्यांतल्या ६७८ जणींनी होकार दिला. दरवर्षी स्मरणशक्तीची परीक्षा द्यायची आणि मेल्यावर मेंदू अभ्यासासाठी द्यायचा, अशी अट होती. यांतल्या कितीतरी जणी आयुष्यभर शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. आमच्याच जातकुळीतल्या म्हणा ना! कोणाला विसराचा आजार जडला, कोणी शंभरीपर्यंत तल्लख राहिल्या. तरुणपणी मठात येताना लिहिलेली त्यांची छोटी आत्मवृत्तं जपून ठेवलेली होती. ज्यांच्या लिहिण्यात विचारांची दाटी होती, त्यांच्यात म्हातारपणी हा आजार कमी आढळला, असं १९९६ साली प्रसिद्ध झालं. ही माहिती कोणत्याही यंत्रातून निघाली नसती. त्या ६७८ जणींच्या होकारातून ती निघाली.

दुसरी गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाची. तिथल्या अँटिओकिया भागात काही घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चाळिशीतच गाठतो. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी अनेक वर्षं या घराण्यांत जाऊन काम केलं. २०१३ साली तिथे एका औषधाची चाचणी सुरू झाली. २५२ जण आले. तेव्हा ते सगळे आजारापासून दूर होते, पण आईला, मामाला, आजीला काय झालं ते त्यांनी पाहिलेलं होतं. आपल्यात ते आनुवंशिक बीज आहे की नाही हे पुष्कळांना कळायला नको होतं. म्हणून ज्यांच्यात ते नाही अशांनाही चाचणीत घेतलं, म्हणजे नुसत्या भाग घेण्यावरून कोणाला काही ओळखता येऊ नये. २०२२ साली निकाल लागला. औषधाचा ठळक असा उपयोग दिसला नाही. पण त्या माणसांच्या मनाचा विचार करून चाचणी कशी आखता येते, हे तिथे दिसलं.

माणसं हो म्हणतात त्याची कारणं तुमच्या-माझ्या ओळखीचीच आहेत. "मला नाही तर माझ्या मुलीला उपयोग होईल." "डॉक्टर भले आहेत, त्यांच्यावर माझा विश्वास आहे." "निदान कोणी नीट लक्ष तरी देईल." यातलं शेवटचं कारण जरा जपून पाहायला हवं. संशोधन म्हणजे उपचार नव्हेत. डॉक्टर तिथे उत्तर शोधत असतात. ते उत्तर आपल्या माणसाच्या फायद्याचं निघेलच, असं नाही.

विसर पडला म्हणून समजही गेली?

आमच्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते. तिथल्या एका बाईंच्या सासूबाईंना चार वर्षांपूर्वी विसर पडायला लागला. आजार सुरुवातीचाच होता. रुग्णालयात संशोधनाबद्दल विचारणा झाली. रक्त तपासायचं, मेंदूचा फोटो काढायचा, दर सहा महिन्यांनी प्रश्नोत्तरं, आणि तयार असतील तर पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढायचं. मुलगा म्हणाला, "तिला कशाला त्रास? मी सही करतो." डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आजींनाच सावकाश सगळं सांगितलं. आजी ऐकून म्हणाल्या, "माझ्या आईलाही असंच झालं होतं. भूत लागलंय म्हणायचे तिला. रक्त घ्या, फोटो काढा. पाठीत सुई मात्र नको."

किती स्वच्छ उत्तर आहे बघा! सकाळी काय खाल्लं ते आजींना आठवत नव्हतं. पण काय हवं, काय नको आणि का, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याप्रमाणेच झालं. तिसऱ्या फेरीला दारापाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आज नको." मुलानं कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेतलेली, त्याचा चेहरा उतरला. सूनबाईंनी आजींचा हात धरला आणि रिक्षा परत फिरवली. पुढच्या महिन्यात आजी आपणहून गेल्या.

डॉक्टर सांगतात, निर्णय घेण्याची ताकद दिवा मालवावा तशी एकदम जात नाही. ती हळूहळू कमी होते, आणि ती प्रत्येक निर्णयासाठी वेगळी असते. बँकेचे व्यवहार जमत नसले तरी रक्त द्यायचं की नाही हे सांगता येऊ शकतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ साली झालेल्या कायद्यात तर स्पष्टच म्हटलं आहे, की एखाद्याला सांगितलेली गोष्ट थोडाच वेळ लक्षात राहते, एवढ्यावरून तो निर्णय घ्यायला असमर्थ ठरत नाही. त्या थोड्या वेळात समजून, तोलून, उत्तर देता आलं की पुरे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. औषधचाचणीची सगळी गुंतागुंत समजून स्वतः संमती देणं ज्यांना जमत नव्हतं, अशांतल्या बऱ्याच जणांना "माझ्या वतीनं कोणी ठरवावं" हे मात्र नीट सांगता येत होतं.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात स्मरणशक्तीच्या गंभीर विकाराचाही उल्लेख आहे. अशा व्यक्तीला संशोधनात घ्यायचं तर तिची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती हवी. ती देता येत नसेल पण व्यक्तीचा विरोधही नसेल, तर राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी आणि त्या व्यक्तीच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती लागते. तेही केव्हा, तर जे संशोधन शहाण्यासुरत्या, संमती देऊ शकणाऱ्या माणसांवर करणं शक्यच नाही आणि जे अशाच रुग्णांच्या गरजेचं आहे, तेव्हा. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते.

औषधचाचण्यांसाठी २०१९ साली नवे नियम झाले. प्रत्येक चाचणी आधी नैतिकता समितीनं तपासून मंजूर करावी लागते. या समितीत किमान सात सभासद असतात. त्यांत एक सर्वसामान्य नागरिक, एक कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक तरी स्त्री असलीच पाहिजे, आणि निम्मे तरी सभासद त्या संस्थेबाहेरचे हवेत. अगदी नव्या औषधाची चाचणी असेल आणि भाग घेणारा माणूस परावलंबी असेल, तर माहिती देण्याचं आणि संमती घेण्याचं चित्रीकरण आवाजासकट करून ठेवावं लागतं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद आहे. शिवाय देशात होणारी प्रत्येक औषधचाचणी सरकारी नोंदवहीत नोंदवणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे. ही नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. नोंदणीचा क्रमांक मागून घेतला, तर घरातलं कॉलेजात जाणारं मूलही ती माहिती काढून देईल.

विचारायचं कसं?

आता आपल्या कामाच्या गोष्टी. या वहीत उतरवून ठेवल्यात तरी चालेल.

वेळ बघा. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर, मन शांत असताना बोला. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं असू द्या. टी.व्ही. बंद करा आणि समोर बसून बोला.

एका वेळी एकच गोष्ट सांगा. "संशोधन" हा शब्द मोठा आहे. त्याऐवजी "दर सहा महिन्यांनी दवाखान्यात जायचं. दंडातून रक्त घेतील. प्रश्न विचारतील. दोन तास लागतील," असं सांगा. थांबा, आणि मग पुढचं सांगा.

कळलं का, असं विचारू नका. वर्गात मी "कळलं का?" म्हटलं की चाळीस मुलं एका सुरात "हो बाई" म्हणतात. त्यावर कोणती शिक्षिका विश्वास ठेवते? मी म्हणते, "आता तू सांग बघू." आईंनाही तसंच म्हणा. "मी काय म्हटलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." सुई, फेऱ्या आणि नको म्हणायची मोकळीक, या तीन गोष्टी त्यांच्या बोलण्यात आल्या की समजा, पोचलं.

उपचार आणि चाचणी यांतला फरक सांगा. मिळणारी गोळी खरी असेल किंवा नुसतीच दिसायला गोळी असेल, आणि कोणाला कोणती ते त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं, हे मोकळेपणानं सांगा. आशा दाखवून होकार काढू नका.

दोन दिवसांनी पुन्हा विचारा. आधी विचारलेलं आठवत नसलं तरी चालेल. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, तर ते त्यांच्या मनातलं आहे असं समजायला हरकत नाही.

'नाही' ओळखायला शिका. बोलणं कमी झालेलं माणूस तोंडानं नाही म्हणेलच असं नाही. दंड मागे घेणं, मान फिरवणं, तुमचं बोट घट्ट धरणं, दारात पाय रोवून उभं राहणं, हेही 'नाही'च आहे. एकदा चिडणं वेगळं आणि दर वेळी तसंच होणं वेगळं. पण शंका आली तर त्या दिवशी घरी या. काही बुडत नाही.

धाक नको आणि लालूचही नको. "डॉक्टर रागावतील," "हो म्हणालात तर नातवाला भेटायला नेते," असलं काही बोलू नका.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका. मराठीतलं माहितीपत्रक आहे का? त्याची आणि सहीच्या कागदाची प्रत घरी नेता येईल ना? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? नोंदणी क्रमांक काय? येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? त्रास झाला तर रात्री कोणाला फोन करायचा? आणि आम्ही नाही म्हटलं तर नेहमीचे उपचार आधीसारखेच चालू राहतील ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच यायला हवं. डॉक्टर उत्तर देताना आढेवेढे घेऊ लागले, तर पिशवी उचला आणि घरी या.

आणि तुमचं काय?

एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. अल्झायमरच्या औषधांच्या जवळजवळ सगळ्याच चाचण्यांत रुग्णाबरोबर एक सोबती लागतो. रुग्णाला ओळखणारा, त्याच्यात काय फरक पडला ते सांगणारा, औषधं वेळेवर देणारा आणि दर फेरीला हजर राहणारा. आपल्या घरांत हे काम कोणाच्या वाट्याला येणार, ते मी सांगायला नको. सही मुलाची असेल, पण रिक्षा, डबा, औषधाच्या वेळा आणि मुलांच्या शाळेची ओढाताण सुनेची किंवा बायकोची.

तेव्हा घरात चर्चा होईल तेव्हा तुम्हीही बोला. "मला दर पंधरा दिवसांनी जमणार नाही, महिन्यातून एकदा जमेल," असं म्हणणं हा काही गुन्हा नाही. आधी हो म्हणून मग मधेच सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. नणंद एक फेरी करील का, दीर गाडी पाठवतील का, हे त्याच वेळी ठरवा. बारा फेऱ्या असतील तर कागदावर बारा नावं लिहा, आणि त्यांत तुमचं नाव बारा वेळा येऊ देऊ नका.

आजच करण्यासारखं

मैत्रिणींनो, आपण पस्तिशी-चाळिशीतल्या बायका हे सारं सासू-सासऱ्यांच्या निमित्तानं वाचतो. पण उद्या ही वेळ आपल्यावरही येऊ शकते. तेव्हा आपल्या मनात काय होतं, हे घरच्यांना कळायचं कसं? २०१७ च्या कायद्यानं त्यासाठी एक सोपी वाट ठेवली आहे. आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे साध्या कागदावर लिहून सही केली किंवा अंगठा उठवला की झालं. ज्या व्यक्तीला नेमायचं ती सज्ञान आणि तयार असली पाहिजे. त्याच कागदाजवळ आणखी चार ओळी लिहून ठेवा. पुढे मला विसर पडू लागला, तर संशोधनात भाग घ्यायला माझी तयारी आहे की नाही? नुसत्या प्रश्नोत्तरांना आहे, पण औषधाला नाही? मेल्यावर मेंदू अभ्यासासाठी द्यावा की नाही? बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेत असा मेंदूसंग्रह १९९५ पासून आहे. 'नाही' लिहिलंत तरी काही बिघडत नाही. तोही तुमचाच निर्णय.

हे लिहिताना घरातल्या थोरांनाही बरोबर घ्या. एखाद्या रविवारी दुपारची जेवणं झाली की पानसुपारीच्या वेळी विषय काढा. पहिल्यांदा कोणी हसेल, कोणी "अभद्र बोलू नकोस" म्हणेल. पुढच्या रविवारी पुन्हा काढा. सासूबाईंना आज सगळं आठवतंय, सांगता येतंय, तोवर विचारा. आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून, तारीख घालून, रेशनकार्ड ठेवता त्या पिशवीत ठेवून द्या.